कणा असलेल्यांची पाच घरं

मुक्काम सूर्यमाळ,
आश्विन वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप देवराममामा,

भाचा अनंता याचा वाकून नमस्कार. (समोर वाकलो असतो तर "तरुण पोराच्या कंबरेत जोर नाही" असं तुम्ही नक्की म्हणाला असता, म्हणून लांबूनच वाकतो आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? जयवंतीमामींनी आणलेलं तेल चोळता, की कोनाड्यात ठेवून त्याला नमस्कार करता? मामींचा खोकला गेला का? भात कापायला माणसं मिळाली का? आणि हो, तांबडा कसा आहे? तुरा शाबूत आहे ना? मानेची पिसं अजून तशीच लालभडक? शेपटी काळीच आहे ना, मधे एखादं पांढरं पीस वगैरे आलेलं नाही ना? सहज विचारतो. माझ्या लग्नात त्याने हळदीला बसलेल्या नवरदेवाच्या पोटरीला चोच मारली होती, ती खूण अजून आहे. पण मी मनात काही ठेवत नाही. कोंबडा असावा तर तसाच असावा, असं मी इथे सगळ्यांना सांगत असतो.

आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहिण्याचा रिवाज आहे म्हणून लिहितो की सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात काहीही ठीक नाही. फोनच केला असता, पण इथे रेंज मिळते ती शाळेमागच्या एका खडकावर, आणि त्या खडकावर उभं राहून बोललेलं अर्ध्या पाड्याला ऐकू जातं. शिवाय तुम्ही फोन उचलून "बोल" म्हणता आणि लगेच मामींच्या हातात देता, आणि हे प्रकरण आधी मामींच्या कानावर जाण्यासारखं नाही. (का, ते पुढे कळेल.)

माझ्या लग्नात तुम्ही चार पाहुण्यांना सांगत होता, "आमचा अनंता मास्तर आहे, सावलीतली नोकरी." मामा, तुम्ही तहसील कचेरीत तीस वर्षं पंख्याखाली काढलीत, तेव्हा सावलीचं तुम्हाला कळत असणार. पण या सावलीत बसून गेल्या पंधरवड्यात माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला आहे, आणि तोही दुसऱ्यांच्या बेजबाबदारपणामुळे. सगळं क्रमाने सांगतो, म्हणजे दोष कोणाचा ते तुमचं तुम्हीच ठरवाल. मी माझ्यापुरतं ठरवून ठेवलेलं आहे.

सातवीला पृष्ठवंशीय प्राण्यांचा धडा होता. पाठीत कणा असलेले ते पृष्ठवंशीय, आणि त्यांचे वर्ग पाच: मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन. शहरातल्या शाळेत हा धडा एका तासात उरकतो. मुलं लिहून घेतात, घंटा होते, मास्तर चहाला जातो. मला नऊ दिवस लागले. कारण इथल्या पोरांनी हे सगळे प्राणी पाहिलेले आहेत, आणि ज्याने पाहिलं आहे त्याला शिकवण्यासारखा ताप नाही. मी म्हटलं, मासे कल्ल्यांनी पाण्यात श्वास घेतात, तर मागच्या बाकावरून आवाज आला की मरळ मासा पाण्याबाहेर टाकला तरी जेवण होईपर्यंत जिवंत असतो. मी म्हटलं, खेकड्याला कणा नसतो, तर म्हणे मग एकदा बिळात हात घालून बघा गुरजी. बेडकाचं शेपूट पिल्लूपणी असतं आणि मग जातं, हे मी शोध लावल्यासारखं सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत होता. आणि पुस्तकात सस्तन प्राणी म्हणून चित्र कोणाचं? देवमाशाचं! ज्या गावात मार्च सरला की हंडाभर पाण्यासाठी बायका डोंगर उतरतात आणि चढतात, तिथे मी समुद्रातला, नावाने मासा असून मासा नसलेला, घराएवढा प्राणी कसा समजावून सांगायचा? पुस्तक लिहिणाऱ्यांना एकदा एप्रिल महिन्यात सूर्यमाळला मुक्कामाला ठेवलं पाहिजे, हंडा देऊन.

वटवाघळावरून तर वर्गात दोन तट पडले. उडतं ते पाखरू, असं एका बाजूचं म्हणणं. तेव्हा पोशी उभी राहिली आणि म्हणाली, "पाखरू नाय ते. पिल्लू पोटाशी धरून उडतं, दूध पाजतं. अंडां घालत नाय. मी बघलंय." दोन्ही तट मिटले. ही पोशी आमच्या शाळेतली सगळ्यांत हुशार मुलगी. आईबाप वसईकडे बिगारी कामाला, ही आजीजवळ राहते. आजीचं नाव गौराबाई. जमीन नाही, मिळेल त्या दिवशी मजुरी. एक झोपडं, चार कोंबड्या आणि जिभेला कोयत्याची धार.

तर त्या धड्याच्या शेवटी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं परिपत्रक आलं. यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी उरकून टाका, असा वरून हुकूम. (वरच्यांना सगळं उरकायचंच असतं.) मी नेहमीप्रमाणे एक तक्ता रंगवून न्यायचं ठरवलं होतं. पोशी म्हणाली, "चित्रां कशाला गुरजी? आपुन खरेच नेऊ." तिनेच कामट्यांचे पाच कप्पे विणले आणि वर खडूने नाव लिहिलं, "कणा असलेल्यांची पाच घरं". पहिल्या घरात बरणीत ओढ्यातले चार मासे. दुसऱ्यात मडक्यात बेडूक. तिसऱ्या घराची मला काळजी होती, कारण जिवंत सरीसृप नेला तर वनखातं मला नेईल. पण पोशीने कुठून तरी सापाची अखंड कात आणली, डोळ्यांच्या जागेसकट. चौथं घर पक्ष्याचं, म्हणजे कोंबड्याचं. पाचव्या घरात बकरी न्यावी असं मी म्हटलं तर ती म्हणाली, "बकरी कशाला? मीच बसते की. मला कणा हाय, केस हायेत, आईच्या दुधावर वाढलेय." आमच्या प्रतिभामॅडम हसता हसता खुर्चीवरून पडायच्या बेतात होत्या. मला मात्र त्यात चूक काढता येईना, आणि मामा, तुम्हाला ठाऊक आहे, चूक काढता आली नाही की मला किती त्रास होतो.

कोंबडा गौराबाईचा होता. तांबड्या मानेचा, काळ्या शेपटीचा, दोन वर्षांचा, चालला की अंगण आपलंच असल्यासारखा. मी मागायला गेलो तेव्हा म्हातारीने आधी त्याला दाणे टाकले. मग म्हणाली, "नेतोस तर ने, पन सांजच्याला माझ्या हातात दे. तो माझा नाय, देवाचा हाय." मी म्हटलं, "आजी, जसा नेला तसा आणून देतो." हे वाक्य मी तिच्या अंगणात, दिवसाढवळ्या, पोशीच्या समोर बोललो. नसतो बोललो तर बरं झालं असतं.

हरेशच्या जीपने आम्ही मोखाड्याकडे निघालो. जीपमध्ये माणसं सतरा, आणि आमचे पृष्ठवंशीय वेगळे. हरेश तुम्हाला ठाऊक आहे, सूर्यमाळ ते जव्हार रोज जाऊन येतो. त्याला रस्त्यातला प्रत्येक खड्डा नावानिशी माहीत आहे आणि तो एकालाही चुकवत नाही. पहिल्याच उतारावर बरणीतलं अर्धं पाणी माझ्या मांडीवर आलं. माझी ती एकुलती एक इस्त्रीची पॅन्ट. कोंबड्याने एका प्रवाशाच्या टोपीवर आपलं मत नोंदवलं, त्यावर तो प्रवासी मलाच बोलला, जणू मीच ते केलं. बेडूक तेवढा शहाण्यासारखा मडक्यात बसून होता. (पुढे त्याने काय केलं ते बघा. माणसाने उभयचरावर विश्वास ठेवू नये. त्याचा एक पाय इकडे, एक तिकडे.)

प्रदर्शन मोखाड्याजवळच्या एका शाळेत होतं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही, फक्त घडलं ते सांगायचं आहे. आता इथली एक रीत तुम्हाला माहीत आहेच. वरून परीक्षक येणार म्हटलं की त्यांना गावठी कोंबड्याचा रस्सा आणि भाकरी झालीच पाहिजे, विज्ञान मागाहून. त्यासाठी यजमान शाळेने आलेल्या प्रत्येक शाळेला एकेक वस्तू वाटून दिली होती. कोणी तांदूळ आणायचे, कोणी कांदे, कोणी तेल. (आमच्या वाट्याला काय आलं होतं ते आता नीट आठवत नाही, त्याला महत्त्वही नाही.) मांडवाच्या मागेच चुली पेटल्या होत्या, आणि स्वयंपाकाला सखा नावाचा आचारी होता. बुटका, तिखटासारखा लाल, आणि आवाज असा की कुजबुजला तरी मोखाड्याच्या बाजारात ऐकू जावं. विज्ञान प्रदर्शनाच्या मागे पंधरा पावलांवर चूल मांडणं ही कुठली पद्धत? एकीकडे "प्राण्यांवर दया करा" अशी पाटी, आणि तिच्या मागून मसाल्याचा वास. मी तेव्हाच म्हटलं होतं की हे बरं नव्हे. मनात म्हटलं होतं.

परीक्षक अकराला यायचे ते एकला आले. आले, मांडवातून एक फेरी मारली, आमच्या पाच घरांसमोर दोन मिनिटं उभे राहिले, "वा, वा" म्हणाले आणि पुढे गेले. तेवढ्यात बेडकाने उडी मारली. शेजारी एका शाळेचा सांडपाणी शुद्ध करायचा प्रयोग मांडलेला होता, त्यांच्या शुद्ध पाण्याच्या बादलीत तो जाऊन बसला. मी मागायला गेलो तर ते गुरुजी बेडूक द्यायला तयार होईनात! त्यांचं म्हणणं, आमचं पाणी इतकं शुद्ध आहे की बेडूक आपणहून आला, हा आमचाच पुरावा आहे. मामा, मी पंधरा मिनिटं त्या माणसाशी बेडकाच्या मालकीवरून भांडलो. त्याला म्हटलं, उभयचराची त्वचा ओलसर लागते, तो घाण पाण्यातही जाईल, तुमच्या नाल्यातही जाईल. त्यावर तो चिडला. शेवटी प्रतिभामॅडमनी मधे पडून बेडूक सोडवून आणला. आणि या सगळ्या गोंधळात मांडवाच्या खांबाला सुतळीने बांधलेला कोंबडा नाहीसा झाला.

कोणी सोडला, कधी सोडला, कोणाच्या परवानगीने सोडला, याची चौकशी यजमान शाळेने आजतागायत केलेली नाही. साधी नोंदसुद्धा नाही. एक जबाबदार माणूस म्हणून मी विचारतो, मांडवाला राखणदार नको? आचाऱ्याने कोंबडा हातात आला की तो कुठला, कोणाचा, कशासाठी आणलेला, हे विचारायला नको? त्याच्या पायाला पोशीने पुठ्ठा बांधला होता, त्यावर स्वच्छ अक्षरात "पक्षी वर्ग: पिसे, चोच, उष्णरक्ती" असं लिहिलेलं होतं. सखाला वाचता येतं. मी नंतर मुद्दाम त्याच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं.

आम्हाला कळलं ते जेवणं झाल्यावर. पंगतीत मीही होतो, हे खरं आहे. माणसाला भूक लागते. (मी फक्त रस्सा घेतला. फोड घेतली नाही. म्हणजे एकच घेतली, वाढणाऱ्याने आग्रह केला म्हणून. मांडीची होती.) हात धुवून मांडवात आलो तर पोशी चुलीमागच्या उकिरड्यापाशी उभी होती. तिच्या हातात एक लांब काळं शेपटीचं पीस होतं. ती रडली नाही, मामा. रडली असती तर मी काही तरी बोललो असतो. तिने ते पीस धुतलं, फडक्याने पुसलं, चौथ्या घरात उभं रोवलं आणि आपल्या पाचव्या घरात जाऊन बसली.

आणि तेव्हाच परीक्षक खऱ्या तपासणीला आले! आधीची फेरी म्हणजे नुसती भूक वाढवायला होती, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांतल्या थोरल्या परीक्षकांनी विचारलं, "बाळ, इथे सस्तन प्राणी कुठे आहे?" पोशी म्हणाली, "ही काय मी." ते हसले. मग विचारलं, "आणि पक्षी? नुसतं पीस दिसतंय." पोशीने त्यांच्याकडे सरळ बघून उत्तर दिलं, "पक्षी तुमच्या पोटात हाय, सर." थोरल्या परीक्षकांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता त्यांच्या आतून बांग ऐकू येते. पण पुढे काय झालं असेल? त्यांनी आम्हाला पहिला नंबर दिला! खाल्ला आणि वर नंबर दिला. दिवाळीनंतर पालघरला जिल्ह्याच्या प्रदर्शनात सूर्यमाळची पाच घरं जायची आहेत. लोक माझं अभिनंदन करत होते आणि मी रिकाम्या सुतळीकडे बघत होतो.

परत आलो तेव्हा गौराबाई वाटेवरच उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. (जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं.) मला वाटलं ती कोयता घेऊन धावेल, तशी तिची ख्याती आहे. पण ती म्हणाली, "तुझां काय चुकलां नाय गुरजी. गर्दीत कोन काय करतंय, तुला काय कळनार. पन आता मी वाघदेवाला काय सांगू?" तेव्हा मला कळलं की "देवाचा" म्हणजे काय. गेल्या मे महिन्यात पोशी भल्या सकाळी झिऱ्यावर पाण्याला गेली होती. झिऱ्यावर आधीच बिबट्या पाणी पीत होता. तिच्या नि त्याच्या मधे एक हंडा. ती हलली नाही. त्याने पाणी प्यायलं, तिच्याकडे बघितलं आणि करवंदीच्या जाळीत निघून गेला. पोशी हंडा भरूनच घरी आली. गौराबाईने त्याच दिवशी हा कोंबडा वाघदेवाच्या नावाने बाजूला काढला, येत्या वाघबारशीला द्यायचा म्हणून. दिवाळीच्या तोंडावरची ही वाघबारस आता आठ दिवसांवर आहे.

आणि आता म्हातारीने पोशीला घरात बसवलं आहे. शाळेत नाही, झिऱ्यावर नाही, कोणाच्या बकऱ्यांमागे नाही, कुठेच नाही. नवस फिटल्याशिवाय पोरगी उंबऱ्याबाहेर पडणार नाही म्हणे. ज्याने ती परत दिली त्याचं देणं राहिलंय. मी शिक्षक आहे, मला हे सहन होईना. मी तिच्या अंगणात उभं राहून तिला शास्त्रीय माहिती दिली. म्हटलं, "आजी, बिबट्या हा सस्तन प्राणी आहे. त्याला तहान कळते, भूक कळते. नवस कळत नाही." म्हातारीने सुपातलं धान्य पाखडता पाखडता उत्तर दिलं, "त्याला नसंल कळत. मला कळतो ना." पुस्तकात यावर काही दिलेलं नाही. सस्तन प्राणी पिल्लांची काळजी घेतात, हे चौथं लक्षण मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुलांकडून दहादा लिहून घेतो. या वर्षी ते वाचायला गेलो आणि फळाच पुसून टाकला. (धुळीमुळे.)

मी काही हात बांधून बसलेलो नाही. मोखाड्याच्या बाजारात जाऊन कोंबडा आणला. गौराबाईने त्याचा पंख उचलला, खाली एक पांढरं पीस दाखवलं आणि परत दिला. पुढच्या खेपेला जव्हारहून आणला. तो फार्मवरचा निघाला. तिने त्याला अंगणात सोडलं तर त्याला दाणा वेचता येईना, ताटलीची वाट बघत उभा राहिला. तिसरा मात्र अगदी हुबेहूब मिळाला, तीच मान, तीच शेपटी, तोच माज. मी म्हटलं, आजी, कोंबडा तो कोंबडा, पक्षी वर्गात एकासारखा दुसरा. तिने त्याला हातात धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "नाय." नाय म्हणजे नाय! कारण नाही, खुलासा नाही. आता हे तीन कोंबडे माझ्या खोलीपुढे आहेत आणि पहाटे तिघं मिळून मला उठवतात. प्रतिभामॅडम म्हणतात, सर, तुमचाच एक स्वतंत्र वर्ग झालाय.

या सगळ्यात माझी काय चूक आहे, ते मला सांगा. परिपत्रक काढणारे मोकळे, परीक्षक तृप्त, आचारी सखा दुसऱ्या पंगतीच्या कामाला लागला, बेडूक ओढ्यात सुखी. वर्गात पहिल्या बाकावर एक जागा रिकामी, आणि पालघरच्या प्रदर्शनाला पाच घरांपैकी दोन घरं बंद. चौथ्यात पीस, पाचव्यात कोणी नाही. मी तर हल्ली दिवे लागायच्या आत दार लावून घेतो. परवा शाळेमागे पायाचे ठसे दिसले म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. इथे डास फार आहेत. मामींना नमस्कार सांगावा. तेल चोळत जा.

तुमचा भाचा,
अनंता

ता.क. हे पत्र हरेशच्या हातून पाठवतो आहे. तो दाराशी उभा असेल, त्याला चहा द्यावा. त्याच्या जीपमध्ये मागे कोंबडी झाकायचं एक डालगं आहे, ते रिकामं आहे. ते रिकामं परत येऊ नये एवढीच विनंती. मी तांबड्याची एवढी चौकशी का केली ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. तुम्ही तीस वर्षं लोकांचे अर्ज वाचलेत. मामींना आधी सांगू नका, त्या त्याला भाकरी चुरून घालतात.

आ.ता.क. तुम्ही म्हणाल, तीन कोंबडे दारात असताना माझाच कशाला? काल मी गौराबाईला तेच विचारलं. तिसऱ्यात काय कमी होतं? ती म्हणाली, "त्याच्यावर कोनाचा जीव नाय. कोनाचा जीव नसंल तां देवाला द्यायचां म्हंजी घरातला केर द्यायचा. देव मोजीत नाय गुरजी, वळखतो." मग तिनेच विचारलं, "तुझ्या ठाव्यात असा हाय का कोंबडा, ज्याच्यावर कोनाचा जीव हाय?" मी म्हटलं, एक आहे. माझ्या मामाचा. ती म्हणाली, "मंग मामालाच त्याच्या हातानं आनू दे." म्हणून हरेशला पुढची सीट रिकामी ठेवायला सांगितली आहे. जाड शाल घ्या, इथे थंडी पडायला लागली आहे. गुडघ्याचं तेलही घ्या, मी चोळून देईन.

आणखी एक, आणि हे वाचून झालं की पत्र चुलीत घाला. आमच्या शाळेच्या वाट्याला आलेली वस्तू म्हणजे एक गावठी कोंबडा होती. मी विसरलो. बेडकावरून भांडत होतो तेव्हा सखा आला आणि केंद्रप्रमुखांच्या देखत ओरडला, "सूर्यमाळवाल्यांनी कोंबडा आनलेला नाय, आता सायबांना वरण वाढू काय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. परीक्षकांची फेरी झाली असं मला वाटलं होतं. कोंबडा तो कोंबडा, संध्याकाळी बाजारातून दुसरा घेऊ, असं मी मनात म्हटलं, माझ्या हाताने सुतळी सोडली, पायाचा पुठ्ठा काढून खिशात टाकला आणि कोंबडा सखाला दिला. आमच्या पोरांपैकी कोणी पाहिलं नाही असं मला वाटलं. पोशी तिच्या पाचव्या घरात बसली होती, तिथून सगळं दिसतं. तिने आजीला सांगितलं, "गर्दीत कोनी सोडला, दिसलां नाय." दोनदा विचारलं तरी तेच. मामा, ती कधी खोटं बोलत नाही; वटवाघळाबद्दलसुद्धा पाहिलं तेवढंच बोलली. माझ्यासाठी बोलली, आणि आता माझ्या वाटणीची घरात बसली आहे. तुम्ही तांबडा घेऊन या. गौराबाईला खरं काय ते मी तुमच्यासमोर सांगतो. एकट्याने सांगायला माझ्या पायांत बळ नाही.